तत्परची हवेची गादी

ऑफिसात त्याला सगळे तत्पर म्हणत. हे नाव काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं, पण त्याला ते कौतुकच वाटायचं, आणि माणसाला एकदा टोमणा गोड लागायला लागला की मग त्याला देवही वाचवू शकत नाही. साहेबांनी खिसा चाचपला की तत्परचं पेन पुढे. साहेबांनी आभाळाकडे नुसतं बघितलं की तत्परची छत्री पुढे. साहेब शिंकले तर रुमाल पुढे, आणि तोही इस्त्रीचा. साहेबांनी मागितलं होतं का? छे! मागितल्यावर तर कुणीही देतं, त्यात काय मोठेपणा? मागायच्या आत द्यायचं, ही तत्परची कला होती. या कलेच्या जोरावर तो पंप विकणाऱ्या त्या कंपनीत केस पांढरे होईपर्यंत टिकला होता. म्हणजे ज्या खुर्चीवर पहिल्या दिवशी बसला, त्याच खुर्चीवर अजून बसला होता.

या कलेपायीच त्याची पाठ गेली. मागे साहेबांनी घर बदललं, तेव्हा हा सुट्टी काढून तिथे हजर. हमाल आलेले होते, चांगले धट्टेकट्टे, खांद्यावर दोरखंड टाकून उभे. लोखंडी कपाट जिन्यावरून खाली न्यायचं होतं. हमाल वाकणार तेवढ्यात तत्पर म्हणाला, "थांबा, साहेबांचं कपाट आहे, जपून," आणि स्वतःच खांदा लावला. कंबरेत कट्ट असा आवाज झाला. हमालांनी ऐकला, त्यानं ऐकला, साहेबांनी काही ऐकला नाही, कारण ते फोनवर होते. तत्पर हसत हसत घरी आला आणि पलंगावर पडला तो आठवडाभर उठला नाही. ऑफिसला निरोप गेला की गावाला लग्न आहे.

"साहेबांना कळलं तर उगाच वाईट वाटेल हो त्यांना," तो बायकोला म्हणाला.

"कुणाला? साहेबांना? वाईट?" बायको म्हणाली, आणि तिनं गरम पाण्याची पिशवी त्याच्या कंबरेवर जरा जोरातच ठेवली.

ती घरीच बायकांचे कपडे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा. तोंडात चार टाचण्या धरूनही तिला स्पष्ट बोलता यायचं, आणि ती बोलायचीही. त्या कपाटाच्या दिवसापासून रोज सकाळी नवऱ्याला हाताला धरून पलंगावरून उठवणं आणि त्याच्या पायात मोजे चढवणं, ही दोन कामं तिच्या गळ्यात पडली होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही आणि गार, कडक जमिनीवर पाठ टेकायची नाही. टेकलीत तर उठवायला माणसं बोलवावी लागतील.

असं सगळं गुपचूप चाललं होतं, आणि तेवढ्यात विक्री विभागाचे प्रमुख निवृत्त झाले. त्यांची खुर्ची रिकामी झाली. खुर्ची म्हणजे खरोखरची खुर्ची हं. उंच पाठीची, कंबरेला गुबगुबीत उशी असलेली, मागे रेलली की अंगाबरोबर रेलणारी. तत्परला पगारवाढीचं होतंच, पण खरा जीव अडकला होता त्या उशीत. जेवणाच्या सुट्टीत कुणी नसताना तो एकदा तिच्यावर बसून आला होता आणि डोळे मिटून म्हणाला होता, "आई गं!"

त्या जागेसाठी नावं दोनच होती. एक तत्पर, दुसरी टाचणीबाई. टाचणीबाई त्याच विभागात समोरच्या टेबलावर बसायची. बारीक अंगाची, आणि बोलायचं ते टाचणीनं टोचल्यासारखं, एवढंसं आणि बरोबर जागेवर. साहेबांनी तिला एकदा विचारलं होतं, "छत्री आहे का हो?" ती म्हणाली होती, "आहे, पण मलाही घरी जायचंय." तत्परला ते ऐकून घाम फुटला होता. ही बाई आपल्या पुढे जाणं शक्यच नाही, अशी त्याची त्या दिवशी खात्री पटली.

साहेबांनी सरळ नाव जाहीर केलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण साहेब नुकतेच कुठलं तरी शिबिर करून आले होते, आणि शिबिर करून आलेल्या साहेबाइतका धोकादायक प्राणी जगात दुसरा नाही. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "आपण जमिनीपासून तुटलोय. आपला अख्खा विभाग टेकडीवर तंबूत एक मुक्काम करणार. पलंग नाही, घरच्या गाद्या नाहीत. ज्याचं ओझं त्यानं पाठीवर वाहायचं. आणि सकाळी सूर्य उगवताना मी बघणार, कोण ताठ उभं राहतंय. विभाग प्रमुखाला खड्ड्यांत, विहिरींवर फिरावं लागतं. मी माणूस त्याच्या पाठीवरून ओळखतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तत्परनं सर्वांच्या आधी वाजवल्या, आणि मग त्याच्या लक्षात आलं की साहेब काय म्हणाले.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. बायकोनं मशीन थांबवलं नाही. "सांगून टाका त्यांना. पाठ गेलीय म्हणावं, आणि कशानं गेलीय तेही सांगा."

"वेडी आहेस का? मग ती खुर्ची मिळेल का?"

तेवढ्यात कॉलेजात जाणारी लेक आतून आली. तिच्या मित्रमैत्रिणींचं डोंगर चढणं नेहमीचंच होतं. ती म्हणाली, "बाबा, घरची गादी न्यायची नाही म्हणालेत ना ते? मॅट तर चालते. हल्ली अशा मॅट मिळतात की पाठीला कळतही नाही आपण जमिनीवर आहोत. फक्त नीट निवडायला हवी."

मग रविवारी तिघं दुकानात गेली. दुकान डोंगरात जाणाऱ्यांच्या सामानाचं. तिथला पोरगा दाढीवाला, केसांचा बुचडा घातलेला, आणि त्याच्या बोलण्यात दर तिसरा शब्द ग्रॅम. कुठली मॅट किती ग्रॅमनं हलकी, कुठल्या मॅटची पिशवी किती ग्रॅमची. त्याच्या सांगण्यावरून असं वाटावं की लोक डोंगरावर वजन करून घ्यायलाच जातात.

"काका, तुम्ही कसे झोपता?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"पाठीवर, कुशीवर की पोटावर?"

तत्पर गडबडला. हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता. "आमचे साहेब कसे झोपतात ते विचारायला हवं," तो म्हणाला.

"कुशीवर झोपतात हे, आणि घोरतात," बायको म्हणाली. "तू दाखव रे."

दुकानाच्या मधोमध एक लाकडी चौकट होती आणि तिच्यात गोटे पसरलेले होते. त्यावर मॅट टाकायची आणि झोपून बघायचं, अशी तिथली पद्धत. पोरानं आधी फोमची घडीची मॅट टाकली. "ही कधी फुटत नाही, काका. काटा घुसू दे, ठिणगी पडू दे. पातळ आहे, पण इमानदार." तत्पर तिच्यावर आडवा झाला. एकेक गोटा त्याच्या मणक्याला जाऊन भेटला. त्यानं उठायचा प्रयत्न केला, नुसताच छताकडे बघत राहिला.

"काकांना आवडली!" पोरगा म्हणाला.

"काकांना उठता येत नाहीये," बायको म्हणाली, आणि तिनं आणि लेकीनं मिळून त्याला वर काढलं. बाजूला एक जोडपं मोजे बघत होतं, ते हे बघून मोज्यांवरून टोप्यांकडे सरकलं.

दुसरी मॅट आपोआप फुगणारी. बुच उघडायचं आणि वाट बघायची. वाट बघितली. ती जराशी फुगली आणि थांबली. लेक हसायला लागली. "बाबा, ही तुझ्यासारखी आहे. कुणी न सांगता फुगते."

"गप्प बस," तत्पर म्हणाला, पण तोही हसला.

पोरगा मग आर-व्हॅल्यू समजावायला लागला. जमिनीचा गारवा मॅट पाठीपर्यंत किती पोचू देत नाही, त्याचा म्हणे तो आकडा. आकडा मोठा तेवढी पाठ सुरक्षित. त्यानं दोनाचा आकडा सांगितला, चाराचा सांगितला, त्याच्या पुढचा सांगितला. बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेबापासून पाठ वाचवणारी आहे का एखादी?"

पोरानं ते मनावर घेतलं नाही. त्यानं वरच्या फळीवरून एक छोटीशी गुंडाळी काढली, तिला एक पिशवीसारखा पंप लावला, दोन-चारदा दाबला, आणि बघता बघता वीतभर जाडीची गादी तयार. लख्ख पिवळी. तत्पर तिच्यावर कुशीवर झोपला. गोटे कुठे गेले कळलं नाही. खांदा अलगद आत गेला, कंबर अलगद उचलली गेली, आणि त्या कपाटाच्या दिवसापासून जी पाठ रात्रंदिवस काहीतरी कुरकुरत होती, ती गप्प झाली. अगदी गप्प. त्याला रडूच आलं. भर दुकानात, गोट्यांच्या चौकटीत, पन्नाशीचा माणूस डोळे पुसत होता, आणि बायको खाली वाकून त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "हीच घेऊ या."

अडचणी होत्या. एक म्हणजे कूस बदलली की ती चिप्सच्या पुड्यासारखी कुरकुर वाजायची. दुसरी, रंग असा की टेकडीच्या पायथ्यावरूनही दिसावा. साहेबांना वाटायचं, हा घरची गादीच उचलून घेऊन आला. "त्याची काळजी नको," बायको म्हणाली. "राखाडी कापडाची खोळ शिवते. दिसायला मॅट दिसेल, आणि आवाजही दबेल." पोरानं पंपाबरोबर एक चपटी डबी दिली. आत ठिगळं आणि गोंदाची नळी. "काटा लागला, भोक पडलं, तर पुसायचं, ठिगळ लावायचं, दाबायचं. लगेच परत फुगवा आणि झोपा. ही डबी विसरू नका, काका. हवेच्या गादीवाल्याचा जीव हिच्यात."

बायकोनं खोळ शिवली. त्याच्या जाकिटाला आतून एक खिसाही शिवला, खास त्या डबीसाठी, वर बटण लावून. आठवडाभर तत्पर पुढच्या खोलीत कापायच्या टेबलाशेजारी फरशीवर त्या गादीवर झोपला आणि रोज सकाळी आपला आपण उठला. एका सकाळी तर मोजेही त्यानंच घातले. बायको दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी ती दिवसभर मशीनवर गुणगुणत होती.

गादीचं झालं. आता प्रश्न माणसाचा होता. आणि माणूस कसला आहे, हे घरात दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

"समज, मी साहेब," लेक म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून, पोट पुढे काढून उभी राहिली. "अरेरे! माझी मॅट काही बरोबर नाही."

तत्परचा हात पुढे झाला. हातात गादी.

"बाबा!"

"अगं, ते आपोआप होतं."

"म्हण, 'साहेब, माझ्याकडे एकच आहे.'"

"साहेब, माझ्याकडे एकच आहे."

"परत. आणि हात काखेत."

हात काखेत घालून तत्परनं ते वाक्य पाठ केलं. दाढी करताना म्हटलं, बसथांब्यावर म्हटलं, जेवताना म्हटलं. लेकीनं साहेब होऊन परोपरीनं छळलं, खोकून दाखवलं, लंगडून दाखवलं, पण शेवटी हात काखेतच राहिले. निघायच्या आदल्या दिवशी बायकोनं त्याला मशीनपाशी बोलावलं.

"ही गादी कुणाला द्यायची नाही. देव आला तरी."

"देवाला नाही देणार."

"आणि साहेब आला तर?"

तत्पर जरा जास्तच वेळ थांबला. मग त्यानं मशीनवर हात ठेवून शपथ घेतली. बायकोनं त्याच्याकडे बघितलं. जित्याची खोड म्हणतात ती काय असते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

टेकडीवर सगळे दुपारी पोचले. गादीची गुंडाळी एवढीशी, त्यामुळे ओझं वाहूनही तत्परची पाठ कुरकुरली नाही. तंबू लागले. आणि तिथे जी मजा झाली ती बघण्यासारखी होती. साहेबांनी घरच्या गाद्या आणायच्या नाहीत म्हणून बजावलं होतं, म्हणून प्रत्येकानं आणली होती, फक्त वेगळ्या रूपात. स्टोअरकीपरनं रजई अशी घट्ट बांधली होती की ती तंबू वाटावी. हिशेबनिसानं एकावर एक स्वेटर घातले होते, आणि ते झोपताना काढून खाली अंथरायचे होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, जो तो दुसऱ्याच्या बोचक्याकडे बघत होता आणि आपलं झाकत होता. टाचणीबाईनं फोमची घडीची मॅट आणली होती, दुकानातली ती पहिली, इमानदार. ती तिनं उघड्यावर टाकली आणि तिच्यावर बसून सफरचंद खायला लागली.

साहेबांचं सगळं न्यारंच. ते गाडी घेऊन थेट तंबूंपर्यंत आले होते. त्यांची मॅटही हवेचीच, पण इतकी हलकी आणि इतकी पातळ कापडाची की वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर बूट ठेवावे लागत होते. संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना गोलाकार बसवलं आणि जमिनीशी नातं या विषयावर बोलायला सुरुवात केली. बोलता बोलता म्हणाले, "बसायचं कसं, तेही शिकावं लागतं. बघा," आणि मॅटवर मांडी घालून धप्पकन बसले. मागच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा होता. फुस्स!

साहेब हळूहळू खाली गेले. जमिनीशी त्यांचं नातं जुळलं. कुणी हसलं नाही, म्हणजे सगळ्यांनी गाल आतून चावले.

आणि साहेबांचं एक मात्र मान्य करायला हवं, ते स्वतःच हसले. "चला, बरंच झालं," पँट झटकत म्हणाले. "मी गाडीत झोपतो. माझी सीट पार आडवी होते. मस्त झोप लागेल."

"हो साहेब, तेच बरं," टाचणीबाई म्हणाली.

साहेब गाडीकडे निघालेसुद्धा. प्रश्न मिटला होता. कुणाकडे काही मागितलं गेलं नव्हतं, कुणी काही द्यायचं नव्हतं. तत्परचे हात काखेत होते. घट्ट. लेकीनं शिकवलेलं वाक्य ओठांवर होतं, आणि ते वाक्य म्हणायची आता काही गरजही नव्हती. पण पाठ केलेलं वाक्य ते, बाहेर पडल्याशिवाय राहतंय कुठे!

"साहेब," तो म्हणाला, "माझ्याकडे एकच आहे."

साहेब वळले. "काय?"

"गादी. म्हणजे मॅट. एकच आहे," तत्पर म्हणाला, आणि मग काखेतले हात सुटले. "ती तुम्ही घ्या."

"अहो, नको. मी गाडीत झोपतो."

"छे छे, साहेब, गाडीत काय झोपता?"

"आणि तुम्ही?"

"मला सवय आहे जमिनीची."

साहेब पुन्हा नको म्हणाले. तत्परनं खोळीसकट गादी त्यांच्या तंबूत नेऊन अंथरली, पंपानं आणखी थोडी हवा भरली, उशाची बाजू कुठली आणि पायाची कुठली तेही दाखवलं. तिसऱ्यांदा नको म्हणायला साहेबांनाही संकोच वाटला असावा. ते तिच्यावर आडवे झाले आणि म्हणाले, "अरे वा!" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथे बिळानंच नागोबाला हात धरून आत नेलं होतं.

त्या "अरे वा"नं तत्परचं ऊर भरून आलं. आपल्या तंबूत जाऊन तो जाकीट अंगात ठेवूनच सतरंजीवर पडला. सतरंजीखाली टेकडी होती. रात्रीचं वर्णन करत बसत नाही. टेकडी गार होती आणि कडक होती, आणि डॉक्टर खोटं बोलला नव्हता, एवढं पुरे.

सकाळी सूर्य उगवला तेव्हा साहेब ताजेतवाने होऊन बाहेर आले. हात पसरून त्यांनी मोठी जांभई दिली. स्टोअरकीपर डोळे चोळत उभा, हिशेबनीस उलटे स्वेटर घालून उभा, टाचणीबाई गुंडाळलेली मॅट बगलेत मारून ताठ उभी.

"तत्पर कुठे आहेत?"

तत्पर तंबूत होता. तो तंबूच्या छताची शिवण बघत होता, कारण त्याला दुसरीकडे कुठे बघताच येत नव्हतं. "येतो, साहेब," तो आतून म्हणाला. "आलोच." बराच वेळ तो आलोच म्हणत राहिला. शेवटी स्टोअरकीपर आणि हिशेबनीस आत गेले आणि त्याला सतरंजीसकट उचलून बाहेर घेऊन आले.

साहेब खाली वाकले. त्यांचा चेहरा खरंच काळजीचा झाला होता. "हे काय हो? कधीपासून?"

तंबूतून उचलताना तत्पर कण्हत कण्हत सगळं सांगून बसला होता. स्टोअरकीपर चुळबुळला आणि म्हणाला, "साहेब, ते तुमच्या कपाटाच्या वेळचं आहे."

"माझ्या कपाटाच्या?" साहेब आठवू लागले. "पण हमाल होते की!"

तत्परनं डोळे मिटून घेतले.

"सांगायचं ना मला," साहेब म्हणाले. "मी काय राक्षस आहे? आणि काल ती गादी मला कशाला दिलीत? मी निघालोच होतो गाडीत." ते उठून उभे राहिले. "वाईट वाटतंय मला. पण हे काम फिरतीचं आहे. ज्याला स्वतःची पाठ सांभाळता येत नाही, तो विभाग काय सांभाळणार?" मग टाचणीबाईकडे वळून म्हणाले, "सोमवारपासून तुम्ही बसा तिथे."

"बरं," टाचणीबाई म्हणाली. इतकंच. उंच पाठीची ती खुर्ची, ती उशी, सगळं एका "बरं"मध्ये गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तत्परला साहेबांच्या गाडीतून घरी पाठवायचं ठरलं. त्याला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, आणि सीट पार आडवी केली. खरोखर पार आडवी होत होती. मऊ होती. कंबरेखाली छान फुगवटा होता. एखाद्याला तिच्यावर मस्त झोप लागली असती. तत्पर तिच्यावर पडून काचेतून आभाळ बघत होता, आणि त्याला आपली इतकी लाज वाटत होती की डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं आणि पुसायला हात उचलवत नव्हता. मशीनवर ठेवलेला हात आठवला. मोजे आठवले. दारात उभी राहून बघणारी बायको आठवली.

खिडकीत साहेब आले. त्यांच्या बगलेत गुंडाळलेली गादी होती, राखाडी खोळीतली. टाचणीबाई मागे उभी होती, डिकीत सामान ठेवत.

"एक विचारू का?" साहेब म्हणाले. "मला ही फारच मानवली हो. राहू दे का माझ्याकडे? तुम्ही आता काही या भानगडीत पडणार नाही."

आता. आता म्हणायचं. वाक्य तयार होतं, पाठ होतं, आणि या वेळी अर्ध्यावर थांबायचं, एवढंच काम होतं. तत्परनं तोंड उघडलं. त्याचा हात, जो डोळे पुसायला उठत नव्हता, तो सावकाश उठला, जाकिटाच्या आतल्या खिशाकडे गेला, त्यानं बायकोनं लावलेलं बटण काढलं आणि चपटी डबी बाहेर आली.

"मग हिच्याबरोबर ही पण ठेवा, साहेब," तो म्हणाला. "भोक पडलं तर हिच्यातलं ठिगळ लावायचं. लगेच बुजतं."

टाचणीबाई पुढे आली. तिनं डबीकडे बघितलं, मग डिकीत घडी घालून ठेवलेल्या साहेबांच्या फुटक्या मॅटकडे बघितलं.

"ही काल संध्याकाळी होती तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

स्टोअरकीपर दुसरीकडे बघायला लागला.

साहेब मात्र डबी उघडून ठिगळं निरखत होते. "अरे, म्हणजे माझी जुनीही दुरुस्त होईल की!" ते खूश होऊन म्हणाले. "दोन झाल्या."

"होईल, साहेब," तत्पर म्हणाला. मान हलत नव्हती, म्हणून त्यानं नुसता हातच खिडकीबाहेर पुढे केला. "आणा इकडे. वाटेत पडल्या पडल्या मीच लावून ठेवतो."